विहारातल्या ग्रंथातली चांदणी

जय भीम मंडळी. इथे सगळे श्रद्धेवरची आवडती पुस्तकं, कविता सांगतात. माझं पुस्तक म्हणजे आमच्या विहारातला ग्रंथ. त्याचंच आज काय झालं ते ऐका.

पावसाळ्यातल्या वर्षावासात रोज संध्याकाळी आम्ही तो आळीपाळीने मोठ्याने वाचतो. थांबलो तिथे पेन्सिलने खूण करायची. मी रेघ मारतो. माझ्याबरोबर वाचणारी सुजाता चांदणी काढायची. मी कॉलेज सोडलं तरी विहार सोडला नाही, तो तिच्यासाठी. मे महिन्यात ती तापाने गेली.

काल माझ्या वाचण्यावर कोणीतरी हसलं. मी भडकलो, रेघ मारून निघून आलो.

आज ग्रंथ उघडला, तर रेघेच्या तीन पानं पुढे चांदणी. आणि ही प्रत जूनमध्ये नवी आणलेली!

चावी सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं, "काल मी गेल्यावर कोणी वाचलं?"

"कोण वाचणार? तू आदळआपट करून गेलास, मी कुलूप लावलं." मग त्यांनी पान पाहिलं. "आपल्यात आत्माबित्मा मानत नाहीत बाबा. खोडून टाक ते."

मीही मानत नाही. तरी चांदणीपासूनच वाचलं. तीन पानं सुटली, असं एकानेही म्हटलं नाही.

उठताना मी खूणच केली नाही. उद्या कुठून वाचायचं, ते तिनेच सांगावं.

खरं सांगा, मी चुकलो का?