पट्टीकाकांच्या सोळा तारा

पट्टीकाका चिडले की आधी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि मग तोंड सुटायचं. त्या दिवशी दुपारी साडेतीनला पाळ्या पेटल्या होत्या आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. जे त्यांना ओळखायचे त्यांना यातूनच कळलं असतं, की काहीतरी भलतंच झालंय.

कॉलेजच्या रेडिओचे ते तंत्रज्ञ. नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर बारा बाय दहाची खोली, तीत एक मिक्सर, दोन माइक, भिंतींना लावलेले जुने गालिचे आणि एक पंखा, जो कार्यक्रम सुरू झाला की बंद करायचा, कारण तो कुरकुरायचा. बोलणारी, गाणी लावणारी सगळी विद्यार्थी पोरंपोरी. ती दर तीन वर्षांनी बदलायची. काका आणि पंखा तेवढे तेच.

पट्टीकाका हे नाव पोरांनीच पाडलेलं. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना ते एकाच रंगाची चिकटपट्टी गुंडाळायचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी संगीत महोत्सव चालू असताना एक तार सापडेना आणि रेडिओवर चार मिनिटं नुसती शांतता गेली. गावाकडून थोरल्या भावाचा फोन आला होता, "अरे, तुझा रेडिओ मेला का रे?" त्या चार मिनिटांचा डाग काकांनी आयुष्यभर धुतला. घरातही मग पट्ट्या आल्या. साखरेचा डबा पांढऱ्या पट्टीचा, मिठाचा निळ्या. एकदा सासूबाईंनी डबे घासताना पट्ट्या काढून टाकल्या आणि दोन दिवस सगळ्यांनी खारट चहा प्यायला. काकू म्हणाल्या, "चाखून बघायला जीभ दिलीय देवानं." काका म्हणाले, "रेडिओवर तार चाखता येत नाही."

तर त्या दिवशी महोत्सव. चार वाजता मैदानावर गाणं सुरू होणार आणि त्याच क्षणी रेडिओवर जाणार. मैदानातल्या भोंग्यांचं काम बाहेरच्या स्पीकरवाल्याकडे होतं, त्याचे माइक वेगळे. रेडिओसाठीचे सोळा माइक काकांचे. सोळा माइकांच्या सोळा तारा मंचामागच्या एका लोखंडी डब्यात खोचलेल्या आणि डब्यातून एक जाड केबल थेट वरच्या खोलीत. सकाळी सहापासून गुडघ्यांवर रांगून काकांनी हे सगळं लावलं होतं. लाल पट्टी गाणाऱ्या बाईंची, पिवळी तबल्याची, हिरवी बासरीची, अशा सोळा.

अकराला सांस्कृतिक विभागाचे सर आले. हातात पत्र.

"अहो मिस्त्री, यावर सही करा. मिळालं म्हणून."

"मी मिस्त्री नाही सर. तंत्रज्ञ आहे."

"तेच ते."

पत्रात लिहिलं होतं की महोत्सवाच्या प्रसारणात यंदा खंड पडल्यास रेडिओची खोली सजावटीचं सामान ठेवण्यासाठी ताब्यात घेण्यात येईल. गेल्या वर्षी तीन मिनिटं आवाज गेला होता. तो का गेला, हे पत्रात नव्हतं. सजावटवाल्यांनी रंगीत दिव्यांची माळ लावायला रेडिओचा प्लग उपटला होता! काकांनी पत्र घडी करून खिशात टाकलं. सही केली नाही.

आणि साडेतीनला मिक्सरवर बसले, तर गाणाऱ्या बाईंच्या बटणावर मंचाच्या मागच्या कोपऱ्यातल्या पेटीचा भाता ऐकू येतोय. काका धावत खाली आले. मंचावर स्वच्छ काळं कापड अंथरलेलं, कडेनं खिळे मारून ताणलेलं. लोखंडी डब्यातल्या सोळाच्या सोळा तारा काळ्या. एकीवरही पट्टी नाही.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

सजावट समितीची एक पोरगी मोठ्या उत्साहानं म्हणाली, "काढल्या ना! फोटोत फार भडक दिसत होत्या. आपली थीम काळी-पांढरी आहे."

"आणि तारा? तारा काढल्या होत्या?"

"कापड घालायला काढाव्या लागल्या. पण परत घातल्या की सगळ्या! भोकं सारखीच तर आहेत."

इथं काकांचा शब्द अडला. सोळा तारा, सोळा भोकं, आणि कुठली कशात हे त्या परमेश्वरालाही ठाऊक नाही.

"कुणीतरी मंचावर जा आणि एकेका माइकवर टिचकी मारा," अखेर ते ओरडले. "मी वर खोलीत ऐकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"मुळीच नाही." सर धावत आले. "पाहुणे मंचावर येऊन बसलेत. त्यांच्यापुढं टिचक्या काय मारताय?"

"सर, रेडिओवर बाईंचं गाणं जाणार नाही, पेटीचा भाता जाईल!"

"तुमच्या पट्ट्यांशिवाय जग चालत नाही का हो? हळू बोला जरा. आणि तो मधला खांब, तोही फोटोत येतो. निदान झाकलाय तरी."

मधला खांब म्हणजे म्हातारी. मंचासमोर लोखंडी नळीवर टांगलेले दोन माइक, आणि त्यांची वेगळी तार डब्यात न जाता झाडावरून सरळ खोलीच्या खिडकीत. सोळा माइक चालू असताना म्हातारीची गरज कधीच पडायची नाही. पोरं दर वर्षी हसायची, "काका, म्हातारीला पेन्शन द्या." काका दर वर्षी तिला टांगायचे. तिच्या तारेला पट्टी नव्हती, गाठ होती.

आणि आता म्हातारीच्या अंगभर पांढऱ्या कागदाची फुलं. वारा आला की सळसळ, सळसळ.

काकांनी दोन्ही हातांनी फुलं ओरबाडली.

"अहो, काय करताय? सजावट आहे ती!"

"रेडिओवर फुलं दिसत नाहीत, सर! ऐकू येतात!"

पुढच्या रांगेतली माणसं बघत होती. बघू देत. काका फुलांचा बोळा सरांच्या हातात कोंबून जिना चढले. गुडघे बोंबलत होते.

वर निवेदन करणारी पोरगी पांढरीफटक होऊन बसली होती. तिसऱ्या वर्षाची, आवाजाची गोड आणि जिभेची तिखट.

"काका, चारला पाच कमी आहेत. मी बोलू की रडू?"

"बोल. गाठीची तार लावतो. गाणं म्हातारीतून जाईल. आवाज लांबून आल्यासारखा वाटेल, पण मेल्यासारखा नाही. आणि लिहायला घे."

"कागद नाहीये!"

काकांनी खिशातलं पत्र काढून पालथं टाकलं.

गाणं सुरू झालं. म्हातारी इमानदारीनं गात राहिली. काकांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि सोळा तारा एकेक करून फक्त आपल्या कानात उघडू लागले. घराघरांत जाणारा आवाज तसाच चालू होता.

"तीन नंबर, तबला. डावा." पोरीनं लिहिलं. "सात, बासरी. अकरा... अकरात कुणीतरी खोकतंय. तंबोरेवाला."

"खोकल्यावरून कळलं?"

"सकाळीही तोच खोकत होता."

पहिल्या गाण्यात सहा सापडल्या. त्या हळूच वर घेतल्या तसा आवाज जवळ आला, जणू कुणी खिडकी उघडली. बाईंचा माइक काही केल्या हाती लागेना. तो चौदात निघाला, दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर. काकांनी तो वर केला आणि बाई खोलीत येऊन बसल्या. तिसऱ्या गाण्याला सोळाही सापडल्या होत्या. एका क्षणाचीही शांतता गेली नव्हती. काकूंचा फोन आला. "पहिलं गाणं विहिरीतून येत होतं. आता बरंय."

कुणाला वाटेल, इथं राग निवला. कसला निवतोय! मध्यंतर होताच काका पट्ट्यांची रिळं मनगटात बांगड्यांसारखी घालून थेट मंचामागं पोचले आणि यादी बघून डब्यापाशी बसले.

सर धावले. दबक्या आवाजात म्हणाले, "आता कशाला? चाललं ना सगळं व्यवस्थित? म्हणजे पट्ट्या लागतच नाहीत, हेच सिद्ध झालं."

काकांनी मान वर केली. पाळ्या लाल. "सर, आंधळ्यानं रस्ता ओलांडला म्हणजे डोळे लागत नाहीत असं होतं का?"

तेवढ्यात पाहुणे, पिकल्या केसांचे जुने गवई, वाकून बघायला आले. "हे रंग कसले?"

सर पटकन हसले. "आमचीच कल्पना. काळ्यावर थोडे रंग. सजावटीचा भाग आहे."

काकांच्या तोंडात आलेलं सगळं त्यांनी गिळलं. मग लाल रिळाचं टोक सरांच्या बोटात दिलं. "सजावटच ना? मग धरा. घट्ट धरा. चौदा नंबर, बाईंची."

पाहुणे समोर उभे. सरांनी धरलं. लाल झाली, पिवळी झाली, हिरवी झाली. सोळाच्या सोळा त्यांना धरायला लावल्या, आणि दर वेळी कुठल्या वाद्याची तेही काकांनी मोठ्यानं सांगितलं. पाहुणे मान डोलवत ऐकत राहिले.

शेवटची पट्टी झाल्यावर सर हात पुसत म्हणाले, "त्या पत्रावर सही राहिलीय तुमची."

"खंड पडला का?"

"नाही, पण फाइलला पत्र लागतं. द्या इकडं."

"नाही देत. त्याच्या पाठीवर सोळा तारांची यादी आहे. पुढच्या वर्षी कापड घालाल तेव्हा लागेल."

काका वर गेले, पत्र खोलीच्या दारावर यादीची बाजू बाहेर करून ठेवलं आणि चारही कोपऱ्यांना लाल पट्टी मारली. एकेका कोपऱ्याला दोनदा. मग पंखा बंद केला आणि मिक्सरवर बसले. दुसरा भाग सुरू व्हायला एक मिनिट होतं.