चौथी पिशवी

आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतक्या मनापासून आगीची वाट पाहणारा माणूस अख्ख्या अंधेरीत सापडला नसता. त्या वर्षी बिल्डिंगमध्ये जो तो रंगीत टीव्ही आणत होता आणि काका कापडी पिशव्या शिवत होते. बोक्याची एक, पोपटाची एक, कासवाची एक. प्रत्येकीवर लाल दोऱ्याने नाव, आणि तिन्ही दारामागच्या खिळ्यांना टांगलेल्या. दर रविवारी सकाळी दहाला काका पातेल्याच्या झाकणावर पळी बडवत आणि घरातल्या प्राण्यांनी जमिनीवर उघडून ठेवलेल्या आपापल्या पिशवीत शिरायचं, अशी तालीम चाले. पहिल्या रविवारी ते उत्साहाच्या भरात "आग! आग!" असंही ओरडले. खालच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन धावत आले आणि काकांची गादी चार दिवस गच्चीवर वाळत पडली. तेव्हापासून नुसतंच झाकण. कासवाला पिशवी गाठायला वीस मिनिटं लागत. काका हातात घड्याळ धरून उभे. "मागच्या रविवारपेक्षा दोन मिनिटं आधी पोचला, वहिनी!" असं मला दारातून ओरडून सांगायचे.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण बोक्याला बक्षीस म्हणून काका सुके बोंबील ठेवत. स्वतः पक्के शाकाहारी, तरी दर शनिवारी खारदांड्याच्या कोळीवाड्यात जाऊन पुडी आणायचे, तीही छत्रीच्या टोकाला लटकवून. त्या वासाने माझी मनी तालमीला जाऊ लागली. डोळेही न उघडलेल्या या मांजरीला मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलेलं. आणि एका रविवारी पाहते तर काकांच्या दारामागे चौथी पिशवी! लाल दोऱ्याने लिहिलेलं, 'मनी'. माझा नुसता जळफळाट झाला.

"माझी मनी माझ्या हाकेला येते," मी ठणकावलं.

"रोज येते हो," काका म्हणाले. "पण आगीत मांजर बाहेर पळत नाही, कपाटाखाली शिरतं. आपण घाबरून हाका मारतो, ते आणखी आत जातं. त्याला सवयीची एक खूण हवी."

मी दार आपटलं. त्यानंतर दर रविवारी दहाला मनीला दूधभात वाढून पाहिला. झाकण वाजलं की ती भात सोडून पळायची.

मग एका दुपारी चहा करताना आमच्याच स्टोव्हचा भडका उडाला. पडदा पेटला, खोलीत धूर भरला. मनी कपाटाखाली. मी पालथी पडून हाका मारतेय, आणि ती भिंतीला आणखी चिकटतेय. "अगं, चल ना बाहेर! मरायचंय का?" म्हणत आमचे हे माझा दंड ओढत होते. तेवढ्यात नाकाला ओला पंचा लावून काका दारात आले आणि त्यांनी मनीची पिशवी उंबऱ्यात उघडी ठेवून झाकण बडवलं. मनी कपाटाखालून सुटली ती थेट पिशवीत.

शेजाऱ्यांनी पाणी मारून आग विझवली. मनी वाचली, आणि खरं सांगते, मला आधी रागच आला. जीव वाचवायलासुद्धा ती माझ्या हाकेला आली नव्हती.

"बोंबील चारून फितवलीत तुम्ही तिला!" मी सगळ्यांदेखत रडत ओरडले.

"फितवली," काका म्हणाले. "मला शिव्या नंतर द्या, वहिनी. आधी तिला पाणी द्या."

पुढच्या वर्षी काका मुलाकडे नागपूरला कायमचे राहायला गेले. तीन पिशव्या बरोबर नेल्या. चौथी आमच्या कडीला अडकवून ठेवली होती. आत झाकण, पळी आणि बोंबलाची पुडी.

त्या रविवारी दहाला मी झाकण वाजवलं. मनी धावत आली. मी बोंबील पुढे केला. तिने तो हुंगला, आणि काकांच्या कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून बसली. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि पुन्हा एकदा झाकण वाजवलं, जरा जोरात.