खंडेनवमीचं शेत

मी परदेशी निघाले त्या सकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून क्लबची रायफल पुसत बसले होते. दारात गाडी उभी, आई डोळ्याला पदर लावून, आणि बाबांच्या हातात तेलाचं फडकं. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "रायफल क्लबची आहे, नेम तुझा. तेवढा घेऊन जा." गाडी वळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापूरला आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत सराव करायचो. पाठीमागे दगडाचा उभा कडा, पुढे माळ. गुराख्यांना हाका मारून बाजूला करायचं आणि मगच बार. बाबा शाळेत पीटी शिकवायचे, पण मला त्यांनी एकच धडा दिला: "निशाणाच्या मागं काय आहे ते आधी बघायचं, निशाण नंतर." नवऱ्याच्या नोकरीपायी मी विलायतेत स्टॅनमोरला आले आणि घराजवळचं कॉमन, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं माळरान, पाहून हरखूनच गेले. म्हटलं, हे तर गायरानच! तरी शहाणपणा करून, तिथे नेमबाजीचा सराव चालेल का विचारायला, आधी कौन्सिलला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली, "नो, डिअर. नॉट ऑन द कॉमन. नॉट ऑन एनी पब्लिक लँड, रिअली." या देशात कुत्र्यांना बागडायला हिरवळ आहे, पण साध्या छर्‍याच्या बंदुकीला हवी कुणाच्या तरी मालकीची जमीन आणि त्या मालकाची परवानगी. तिकडे राहिलेल्यांना हे हसू येण्यासारखं वाटेल. इकडे आलेल्यांना मात्र ठाऊक आहे, आपली एखादी लहानशी गोष्ट मांडायला जागा मिळाली नाही की माणूस कसा आतून चिडचिडा होतो.

अशात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मिलिंद भेटला. पुण्याचा, आयटीतला, शाळेत एनसीसी केलेला. "अगं, शेत शोधू की आपण! शेतकरी इथूनतिथून सारखेच." वर्षभर त्याच्या गाडीतून आम्ही वीकेंडला शेतं पालथी घातली. एकाने दार लावून घेतलं, एकीने चहा पाजून नाही म्हटलं. शेवटी वॉटफर्डच्या पुढे जॉर्ज नावाचा म्हातारा भेटला. त्याच्या शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध होता. तो स्वतः चालत आला, बांध पाहिला, त्यामागची मोकळी जमीन पाहिली आणि म्हणाला, "लीव्ह इट ॲज यू फाइंड इट." मला बाबाच भेटल्यासारखं झालं.

खंडेनवमीला मी तिथेच शस्त्रपूजा केली. हॅरोहून झेंडूची फुलं आणली, इथे घेतलेल्या छऱ्याच्या रायफलीला कुंकू लावलं, दगडावर नारळ फोडला. जॉर्जने खोबरं खाल्लं, आणखी मागून घेतलं. करवंटीचा तुकडा न् तुकडा मी वेचून घरी नेला.

दिवाळी झाली आणि मिलिंदचा फोन आला. ऑफिसच्या पोरांना घेऊन तो शेतावर गेला होता. "काय धमाल केली सांगू! बाटल्या उडवल्या." मी म्हटलं, काचा उचलल्यास ना? तर हसला. पुढच्याच आठवड्यात जॉर्जने आम्हा दोघांना बोलावलं. गवतात काचाच काचा, आणि एक मेंढी तीन पायांवर उभी. मी मिलिंदकडे पाहिलं. म्हटलं, स्वतःच्या तोंडाने कबूल करील. तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला, तिच्या त्या सणाचं असेल हे. यांच्यात सणाला असं काहीबाही फोडतात.

यांच्यात! सदाशिव पेठेत वाढलेला माणूस!

मी नाही, मी नाही म्हणत राहिले. जॉर्ज माझ्याकडे न बघता पुटपुटला, "आय डिड वंडर." म्हणजे त्याला आधीपासूनच शंका होती. मग त्याने फाटक उघडून धरलं आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. त्याच्या रागाचं मला काही वाटलं नाही. आपल्या हाताने ज्याला खोबरं दिलं त्याला ते पटावं, हे मात्र झोंबलं. गाडीत मिलिंद म्हणाला, "माझं व्हिसाचं चालू आहे गं. पोलिसात गेलं असतं तर? तुला काय, तुझ्या नवऱ्याचा व्हिसा पर्मनंट." वाटेतल्या पहिल्या स्टेशनपाशी गाडी थांबवायला लावून मी उतरले.

संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये तो डबा घेऊन समोर आला. "तिळगूळ घे, गोड बोल." मी म्हटलं, "बोलते. तू जॉर्जला जे सांगितलंस ते आधी या सगळ्यांना मराठीत सांग."

मिलिंदने तोंड उघडलं, समोरच्या काकूंकडे पाहिलं, आणि मिटलं. इंग्रजीत इतक्या सहज सुटलेलं वाक्य त्याला तिथे उच्चारता येईना.

आता घर कुठे असं कुणी विचारलं की मला कोल्हापूर आठवत नाही, स्टॅनमोरही नाही. ज्यांच्यासमोर त्याला ते वाक्य बोलता आलं नाही, ती माणसं माझं घर. आणि तोही त्याच घरातला होता, म्हणून तर अजून दुखतं.