तक्रारीची एक प्रत
तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती, त्यांनाच मी तिची प्रत पाठवली. हेब्बाळच्या तळ्याचा वास आला की अजून ते आठवतं. तळं सुशोभित करायला पैसा पुरवणाऱ्या परदेशी बँकेवर म्हणे इथल्या कोर्टात दावा चालत नाही. तिच्याच तक्रार कक्षाला लिहायचं. त्या कामात बेळगावहून इथं आलेल्या, माझ्या ओळखीच्या अक्कांची तळ्याकाठची मासळीची टपरी जाणार होती, म्हणून त्यांच्या वतीनं तक्रार मी लिहिली. "माझं नाव इथल्या तळ्याच्या कामावरच्या साहेबाला कळू देऊ नको बघ," असं त्यांनी बजावलं होतं. ऑफिसच्या सवयीनं मी त्या मेलची प्रत कामावरच्या साहेबांनाही पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्यांची जीप टपरीपुढं थांबली. साहेबांनी माझ्या मेलच्या छापील कागदावरचं अक्कांचं नाव मोठ्यानं वाचलं, टपरीचा फोटो काढला आणि जीपमध्ये बसून गेले. मी टपरीच्या बाजूलाच उभा होतो. अक्का म्हणाल्या, "शिकलेला म्हणून तुझ्याकडं आले रे. अडाणी असतास तर निदान गप बसला असतास."