कान कातरलेलं सिम

आमच्या घरात पहिला मोबाईल आला तो काकांच्या हौसेपायी. त्यांनी तो हिंगोलीहून आणला आणि अख्ख्या गल्लीत मिरवला. त्याला सिम नव्हतंच. नंबर आतच कोंबलेला, कंपनी एकच, आणि त्या कंपनीची रेंज फक्त हिंगोलीत नि कळमनुरीत. आमच्या गावात तो नुसती वेळ दाखवायचा. दिवाळीनंतर बा मेंढरं घेऊन पैनगंगेपलीकडे चारायला निघाला, तेव्हा काकांनी तोच त्याच्या कमरेला बांधून दिला. कळमनुरीपर्यंत चालला असेल तेवढाच, नदी ओलांडली आणि मोबाईल मुका झाला. त्या साली मायला टायफॉईड झाला, पंधरा दिवस ती खाटेवरून उठली नाही, आणि बाला हे कळलं ते पावसाच्या तोंडावर घरी आल्यावर. तो तिच्यासमोर बराच वेळ बसून राहिला. मला मात्र त्या डबड्याचा असा राग आला होता, की विहिरीत फेकावंसं वाटलं.

पुढच्या दिवाळीला मी हट्टच धरला. घ्यायचा तर कुठल्याच कंपनीच्या दावणीला न बांधलेला घ्यायचा. मी बारावी झालेली, म्हणजे घरात सगळ्यांत शिकलेली, आणि तोंडानं सगळ्यांत फटकळ. बाला घेऊन हिंगोलीला गेले. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये खुला सेट है. लॉक नहीं है. कोई भी सिम डालो, चलेगा." बाचा विश्वास बसेना. मेंढा घेताना त्याचे दात बघतात, तसं त्यानं मागचं झाकण काढून आत निरखून पाहिलं आणि विचारलं, "नदीपल्याड बी बोलंल का?" मग दुकानदारानं एका कंपनीचं सिम घालून स्वतःच्या फोनला रिंग दिली, ते काढून दुसऱ्या कंपनीचं घातलं आणि पुन्हा रिंग दिली. दोन्ही वेळा फोन वाजला. आम्ही दोन्ही सिम घेतली, एक अलीकडच्या गावांसाठी, एक पलीकडच्या. घरी येईपर्यंत एसटीत बानं तीनदा झाकण उघडून पाहिलं.

अडचण एकच होती. बाला वाचता येत नव्हतं, आणि दोन्ही सिम सारखीच पांढरी. मी पेनानं खुणा करून दिल्या.

"तू काळजी नको करू पोरी," तो म्हणाला. "शंभर मेंढरं वळखतो, दोन सिम न्हाई वळखणार?"

बा मेंढरं घेऊन गेला आणि पाठोपाठ माझ्या प्रवेशाचं पत्र आलं. त्या वर्षी प्रवेशांचा काय घोळ झाला होता कोण जाणे, यादी इतकी लांबली होती. नांदेडला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. आठ दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. मी नाचायचीच बाकी होते. काका म्हणाले, "थोरला घरी न्हाई. त्याच्या माघारी पोरगी परगावी धाडली तर तो मला काय म्हणंल? त्याचा होकार आण, मग खुशाल जा." काकांच्या डोक्यात माझ्यासाठी एक स्थळ घोळत होतं, हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. मायची धडपड वेगळीच. ती माझे कपडे धुऊन वाळत घालायची आणि म्हणायची, "त्याला इचार बाई, आधी त्याला इचार."

मी रोज किराणा दुकानातल्या फोनवरून बाचा पलीकडचा नंबर लावायची. रोज एक बाई गोड आवाजात सांगायची, की संपर्क होऊ शकत नाही. अलीकडच्या नंबरवरही तीच बाई. तिसऱ्या दिवशी मी तिला शिवी दिली. पाचव्या दिवशी रडले. सहाव्या दिवशी दुकानदारानं हाक मारली, "अगं ये, तुझ्या बापाचा फोन!" मी धावले, मागून माय, तिच्या मागून काका.

बा फोनवर इतका ओरडून बोलत होता, की दुकानातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. तो पुसदच्या बाजारात होता. पेनाच्या खुणा घामानं दोन दिवसांत पुसल्या. मग आपल्या कळपाचं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याचा कान कातरतात, तसंच त्यानं केलं. लोकर कातरायची कातर घेतली आणि पलीकडच्या सिमचा कान, म्हणजे कोपरा, कातरला, पार त्या सोनेरी पत्र्यापर्यंत.

"मेंढराचा कातरला तर दोन दिवसांत बरा होतो," तो वैतागून म्हणाला. "हे मेलंच की! आता इथल्या दुकानवाल्यानं नवं घालून देलं. बरं झालं, ह्याच्यात कोणतं बी चालतंय. तो जुना असता तर बसलो असतो बोंबलत."

दुकानात हशा पिकला. काकांनी जुन्या मोबाईलचा विषय निघाला म्हणून दुसरीकडे पाहिलं. मला हसू येत नव्हतं.

"बा, माझा नांदेडला नंबर लागलाय. नर्सिंगला. परवा हजर व्हायचंय. काका म्हणतेत, तुझा होकार पाहिजे."

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग बानं विचारलं,

"तुला जायचं हाय का?"

सहा दिवस घरात याच गोष्टीवर बोलणं चाललं होतं, पण हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी जोरात मान हलवली, मग लक्षात आलं, त्याला दिसणार नाही.

"व्हय," मी म्हटलं. "लई जायचं हाय."

"मग मला काहून इचारून राहिलीस?" बा ओरडला. "उद्याची पहिली एसटी धर."