गिटारीची शिट्टी

कोरेगावच्या कार्यक्रमाआधी नात तालीम करत होती. तिची गिटार स्पीकरमधून किंचाळली आणि तिनं घाबरून तारा दाबून धरल्या. माझं कानातलं यंत्र असंच शिट्टी मारतं, बाहेर पडलेला आवाज परत आत शिरला की.

"आगं, स्पीकरचं तोंड तुझ्याकडं हाय. त्यो फुडं ने आनि गिटारीच्या भोकात फडकं कोंब," मी म्हणाले.

"आजी, परत वाजली तर?"

"तर लोक हसतील. मरत न्हाईस."

तिनं मी सांगितलं तसं केलं. कार्यक्रमात ती मंचावर चढली आणि मीच भ्याले. काही ऐकू नये म्हणून यंत्र काढून मुठीत आवळलं. शेजारची बाई दचकून वळली. वाटलं, पोरीची फजिती झाली. नात खाली उतरल्यावर मी यंत्र कानात घातलं.

बाई म्हणाली, "पोरीनं लय झ्याक वाजवलं. पर आवं मावशी, तुमच्या मुठीत काय शिट्टी मारत हुतं?"