बिडी कारखान्याच्या भिंतीवरचे थापे

आमच्या कुडवा गावाकडे लग्नघराचा पत्ता विचारावा लागत नसे. दाराशेजारी तांदळाच्या पिठाचे थापे दिसले, की समजायचं, इथल्या लेकीचं लग्न आहे. सवाष्णी पिठात तळहात बुडवून भिंतीवर उमटवायच्या. ते थापे कोणी पुसायचे नाहीत, ऊनपावसानं जातील तेव्हा जातील. पुसणाऱ्याच्या घरी अवदसा येते म्हणत. विधवेचा हात मात्र चालत नसे. माझी माय विधवा होती, म्हणून लग्नघरी ती मागच्या अंगणात भांडी घासायची.

आम्ही मायलेकी गोंदियाच्या वाटेवरच्या कारखान्यात बिड्या वळत असू. सुटताना फाटकावरचा दरवान बायकांची झडती घ्यायचा, तंबाखू चोरली का म्हणून. त्याचे हात कुठे कुठे जात ते मी लिहिणार नाही. तंबाखू तिथे कोणीच ठेवत नाही, एवढंच सांगते. एका संध्याकाळी त्यानं माझ्या अंगाला हात लावला आणि मायनं तो झटकून टाकला.

"झडती घ्याची असन त बाई ठेव," ती म्हणाली.

कारखान्याचा कारभार बघणाऱ्या मुनशीनं तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही साऱ्या बिडीवाल्या फाटकाबाहेर बसलो. मायला परत घ्या आणि झडतीला बाई ठेवा, एवढंच मागणं होतं.

शेतकरी घरच्या बायका आम्हाला लांबच ठेवत. कारखान्यात जाणारी म्हणजे हाताबाहेर गेलेली, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे कोणी सोबतीला येईल ही आशा नव्हती. आमच्यातल्याच काहीजणी कुरकुरू लागल्या होत्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पोटाला काय घालायचं? मायला एकच धास्ती होती, की उद्या साऱ्या आत जातील आणि आपण दोघी बाहेर उरू.

अशात एका सकाळी गावातल्या एका शेतकरी घरच्या काकी आल्या. त्यांच्या धानाच्या बांधीत मायनं वर्षानुवर्षं रोवणी केली होती. बाई मोठी कडक. मागे त्यांच्या सुना आणि शेजारणी, हातात कालवलेल्या पिठानं भरलेले गंज. कारखान्याची भिंत लाल मातीनं सारवलेली होती. तिच्यावर त्या सरळ थापे उमटवू लागल्या.

मुनशी धावत आला. "ये क्या तमाशा है?"

"थापे लावून राहिलो," काकी म्हणाल्या. "ह्या आमच्या लेकी आहेत."

मग त्या मायकडे वळल्या. "काऊन वो, तू कायले बसली? ये."

माय मागे सरली. "माहा हात चालत नाय, काकी."

"इतकी वर्सं माह्या बांधीत चालला. इथंच कायले नाय चालनार?"

काकींनी तिचं मनगट धरून हात पिठात बुडवला आणि फाटकाच्या अगदी शेजारी दाबला. मी हमसून हमसून रडले.

मुनशीनं चुना मारणारा बोलावला. थापे बघून त्यानं बादली खाली ठेवली. "लेकीचे थापे मी नाय पुसत, मुनशीजी." तेव्हा मुनशीनं स्वतः कुंचला उचलला. पण त्याच्याच मुलीचं लग्न जुळायचं होतं. उचलला तसाच ठेवला! बाजाराला जाणारे थांबून विचारू लागले, इथे कोणाचं लग्न? मग झडतीची गोष्ट निघायची. ती गोंदियाच्या बाजारभर झाली, तेव्हा मालकाला आपल्या अब्रूची आठवण आली आणि त्यानं आमचं म्हणणं मान्य केलं.

काकी जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यांना आमचं काहीच लागत नव्हतं, उलट गावानं नावंच ठेवली असती. तरी त्या आल्या. ते उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

कामावर परतलो त्या संध्याकाळी फाटकावर एक वयस्क बाई उभी होती. माय सगळ्यांत पुढे होती. ती बाई अवघडून म्हणाली, "हात लावू का, बाई?"

माय तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं.

"लाव," माय म्हणाली, आणि घरी येईस्तोवर हसत होती.